साखर मोजता, पेशीही मोजा : आरोग्यमंत्र्यांना कोल्हापूरहून खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,
सविनय नमस्कार.

मधुमेहाच्या सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या माणसांची साखर तपासली जाते, गोळ्या दिल्या जातात, पुढची तारीख पडते. काम मोठे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इन्शुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशींपैकी रुग्णाच्या किती उरल्या आहेत, हे त्याच्या केसपेपरवर कुठेच येत नाही. त्या वाचवायची संधी असते ती निदानाच्या आसपास. नेमका तोच काळ आपल्या व्यवस्थेत वाया जातो.

आधी मुलांचे. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी मारते. पोर सारखे पाणी मागते, सुटलेली सवय असूनही पुन्हा अंथरूण ओले करते, कपडे सैल होतात. मग उलट्या, पोटदुखी, खोल आणि भराभर श्वास. चंदगड काय किंवा शाहूवाडी काय, इथवर येईतो मुलाला जंताचे किंवा न्यूमोनियाचे औषध होऊन गेलेले असते. अशक्तपणा म्हणून सलाइन लावतात आणि ती बाटली बऱ्याचदा ग्लुकोजची असते. रक्तात साखर आधीच चढलेली, चरबी जळून बनणाऱ्या कीटोनने ते आम्लधर्मी झालेले, त्यात ही भर. जीवाला धोका तर असतोच, शिवाय या अवस्थेत, म्हणजे कीटोॲसिडोसिसमध्ये, निदान झालेल्या मुलांत पुढे शिल्लक पेशीही कमी आढळतात.

उपाय वीसेक रुपयांच्या पट्टीचा आहे. उलट्या, धाप किंवा सुस्ती असलेल्या प्रत्येक मुलाची सलाइनआधी बोटातून साखर बघावी. २०० च्या वर असेल तर लघवीतले कीटोन बघावेत, ग्लुकोज लावू नये, नॉर्मल सलाइन सुरू करून १०८ ने त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात पाठवावे. पट्ट्यांच्या खरेदीतही एक मेख आहे. गगनबावड्याच्या पावसात डबीचे झाकण उघडे राहिले की पट्टी ओल धरते आणि आकडा चुकतो. उघडलेली डबी ठरावीक महिन्यांनंतर बादही होते. लहान केंद्रांना मोठ्या डब्यांऐवजी २५ पट्ट्यांच्या डब्या द्या आणि उघडल्याची तारीख डबीवर लिहिणे सक्तीचे करा.

इन्शुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत अनेक मुलांची गरज एकदम घटते, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला अर्ध्या युनिटच्याही खाली येते. उरलेल्या पेशींना उसंत मिळून त्या थोडे काम करू लागतात, एवढाच त्याचा अर्थ. घरच्यांना वाटते आजार गेला. कुणीतरी काढा सुचवतो, इन्शुलिन बंद होते आणि पोर पुन्हा अतिदक्षता विभागात. निदानानंतरचे वर्षभर आशाताईंनी दर महिन्याला एकच प्रश्न विचारावा : इन्शुलिन चालू आहे ना?

आता मोठ्यांचे, म्हणजे बहुधा टाइप २ मधुमेहाचे. साखर सतत तीनशेच्या वर राहिली की बीटा पेशी मरण्याआधी निकामी होतात, आपली ओळखच विसरतात. त्यातल्या बऱ्याच परत कामाला लागू शकतात, पण त्यांना विसावा द्यावा लागतो. चीनमध्ये झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नव्या टाइप २ रुग्णांपैकी काहींना काही आठवडे पंपाने किंवा इंजेक्शनने पुरेसे इन्शुलिन, तर काहींना गोळ्या देऊन मग सगळे औषध थांबवले. वर्षानंतरही औषधाविना साखर आटोक्यात राहिलेले पंपाच्या गटात ५१ टक्के, इंजेक्शनच्या गटात ४५ टक्के आणि गोळ्यांच्या गटात २७ टक्के होते. आपल्याकडे मात्र बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून ग्लिमेपिराइड या गोळीचा डोस चढवत नेतात. हे औषध उरलेल्या पेशींकडून जबरीने इन्शुलिन काढून घेते, म्हणजे दमलेल्या बैलाला पराणी टोचण्यासारखेच. २००६ च्या ॲडॉप्ट चाचणीत याच जातकुळीतले ग्लायब्युराइड पाच वर्षांत ३४ टक्के रुग्णांत अपुरे पडले, वेगळ्या जातीचे मेटफॉर्मिन २१ टक्क्यांत. गोळी स्वस्त आहे आणि तिला जागाही आहे, पण पहिली आणि एकटी म्हणून नव्हे.

वजन जास्त असेल तर आणखी वाव आहे. ब्रिटनच्या डायरेक्ट चाचणीत १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलेल्यांपैकी ८६ टक्के लोक वर्षभराने औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. पण बारीक अंगाच्या यंत्रमाग कामगाराला हाच सल्ला देणे चूक. त्याचा मधुमेह कदाचित टाइप २ नसेलच.

हे ओळखायला सी-पेप्टाइड तपासणी लागते. शरीर स्वतःचे इन्शुलिन बनवते तेव्हा सी-पेप्टाइड तितकेच सुटते. टोचलेल्या इन्शुलिनमध्ये ते नसते, म्हणून इंजेक्शन चालू असतानाही घरची कमाई किती ते कळते. दर मिलिलिटरला ०.६ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर इन्शुलिनला पर्याय नाही, १.८ च्या वर असेल तर बहुधा टाइप २. मधल्यांचा निकाल लावायला जीएडी प्रतिपिंडांची, म्हणजे प्रतिकारशक्ती बीटा पेशींवर उलटल्याची रक्तातली खूण शोधणारी तपासणी लागते. खाजगी लॅबमध्ये याला शेतमजुराच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त पैसे पडतात.

ही तपासणी चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. त्याच वेळची साखर न पाहता आकडा वाचला तर तो निरर्थक. साखर ७० च्या खाली असेल तर नमुना पुन्हा घ्यावा. कीटोॲसिडोसिसनंतर दोन आठवडे ही तपासणी करू नये, दबलेल्या पेशी मेल्यासारख्या दिसतात. मूत्रपिंड बिघडलेले असेल तर आकडा फुगतो. लाल टोपणाच्या साध्या ट्यूबमधले रक्त उन्हात पडून राहिले तर तो घसरतो. मात्र जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये नमुना खोलीच्या तापमानाला २४ तास टिकतो, त्यामुळे राधानगरीहून बर्फाशिवाय कोल्हापूरला आणता येतो. तेवढे नमुन्याच्या गाडीचे वेळापत्रक बसवायला हवे.

नव्या उपचारांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेले टेप्लिझुमॅब १४ दिवस शिरेतून देतात. लक्षणे दिसण्याआधी पकडलेला टाइप १ त्याने चाचणीत सुमारे दोन वर्षे पुढे ढकलला. इटलीने २०२३ मध्ये मुलांच्या प्रतिपिंड तपासणीचा कायदाच केला. आपण किमान टाइप १ रुग्णांच्या सख्ख्या भावंडांपासून सुरुवात करावी. त्यांना धोका इतरांच्या सुमारे १५ पट असतो. मूळ पेशींपासून (स्टेम सेल) बनवलेल्या बीटा पेशींच्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ पैकी १० जणांचे इन्शुलिन वर्षाअखेर सुटले होते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मात्र त्यांना चालूच ठेवावी लागतात, आणि त्या चाचणीत मेंदूज्वराने एक मृत्यूही झाला. हे सोडून ‘स्टेम सेलने मधुमेह मुळापासून’ अशा जाहिराती सर्रास दिसतात. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या यादीत मधुमेह आहे. तो कायदा वापरा.

प्राथमिक आरोग्य केंद्रे आपल्या बाजूला, सीपीआर वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. नमुना एका खात्याचा आणि यंत्र दुसऱ्याचे, म्हणून फाईल अडते. सध्या दोन्ही खात्यांचे मंत्री याच जिल्ह्यातले आहेत. तेव्हा दोघांच्या सहीचे एकच परिपत्रक काढा. त्यात मुलांच्या साखर तपासणीचा नियम, सीपीआरमध्ये मोफत सी-पेप्टाइड आणि जीएडी, आणि तीनशेच्या वर साखर असलेल्या नव्या रुग्णाला सुरुवातीचे काही आठवडे इन्शुलिन, एवढे असावे. ट्यूब जांभळ्या टोपणाची, हेही त्यातच लिहा. नाहीतर खरेदी लाल टोपणाची होईल.

कळावे,
कोल्हापूर जिल्ह्यात मधुमेहावर काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि लॅब तंत्रज्ञ