अण्णा, तो पुठ्ठा अजून डिकीत आहे

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी इथं टाकत नाही. तुम्हीच बजावलं होतं की नाव लिहिलंत तर पोरं अलॉय (हलक्या मिश्रधातूची चाकं) घेऊन रांग लावतील आणि हातातली कामं पडून राहतील. सोलापुरात होटगी रोडवर लिंबाच्या सावलीत बसणारे अण्णा, एवढ्यावर ज्यांना कळायचं त्यांना कळेल. पण माझ्या गाडीच्या चाकाचा आवाज नेमका कशाचा, ते शोधून दिल्याबद्दल आभार मात्र चारचौघांतच मानणार आहे, कारण त्या दिवशी तुमच्यासमोर मला नीट बोलताही आलं नव्हतं. दीडशे रुपये पुढे केले, तुम्ही त्यातले पन्नास परत दिले आणि मी गाडी काढून निघालो.

चूक माझी होती, तिथूनच सुरुवात करतो. पन्नाशीत मला अलॉयची हौस आली. डिझायरला १४ इंची लोखंडी रिम होती. दिवाळीत मी १५ इंची अलॉय घेतले आणि १८५/६५चे टायर चढवले. दुकानदार म्हणाला, "चार होल, शंभर पीसीडी, डायरेक्ट बसतंय." (म्हणजे नटांची चार भोकं, आणि ती ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास शंभर मिलीमीटर.) आणि खरंच बसलं. हबची, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाची, रिंगही त्यानं बरोबर ५४.१ मिलीमीटरची दिली होती, ते श्रेय त्याला द्यायलाच हवं. बायको "चांदीची चाकं" म्हणून चिडवायची. पण गड्ड्याच्या यात्रेत गाडी लावून परत येताना मी दोनदा वळून बघितलं, हे तिनंही पाहिलं होतं.

चैत्रात पुढचे ब्रेक पॅड बदलले. दुसऱ्याच दिवशी सात रस्ता चौकात डावीकडं वळताना उजव्या पुढच्या चाकातून कर्र असा आवाज आला. सरळ चालताना काही नाही, वळण घेतलं की कर्र. पॅड बदलणारा म्हणाला, "नवीन आहेत, घासून सेट होतील." दुसऱ्यानं चाक काढून आतल्या बाजूला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं बघितली, तीच कॅलिपरला (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला) लागत असणार म्हणाला आणि जागा बदलून दिली. (हा अंदाज काही वेडगळ नव्हता, अशी वजनं लागतात, हे नंतर तुम्हीच सांगितलंत.) आवाज तसाच. तिसऱ्यानं तर ग्राइंडर हातात घेतला. म्हणाला, "कॅलिपरचं दोन मिलीमीटर उडवतो, पाच मिनिटांचं काम." मी हो म्हणणार होतो, अण्णा. पुढच्या रविवारी लेकीला पुण्याला सोडायचं होतं, अडीचशे किलोमीटर, आणि मला फक्त तो आवाज बंद व्हायला हवा होता. त्याचा ग्राइंडर लाईट गेल्यामुळे चालला नाही. सोलापूरच्या लाईटचे मी आयुष्यात एकदाच आभार मानले, ते त्या दिवशी.

तुम्ही चाकाकडं बघितलंसुद्धा नाहीत. आधी विचारलंत, "आवाज पॅड बदलायच्या आधी होता का नंतर?" नंतर, म्हणालो. "मग पॅडचा आवाज नाही हा. पॅडनं कॅलिपर बाहेर ढकललाय." मला काही समजलं नाही. तुम्ही चाक काढलंत आणि स्पोकच्या पाठीमागं बोट फिरवलंत. तिथं गोल, चकचकीत रेघ उमटली होती. कॅलिपर आतून चाक तासत होता.

मग तुम्ही समजावून सांगितलंत, ते मी घरी येऊन कागदावर काढून बघितलं. आपल्या गाडीचा कॅलिपर एका जागी खिळलेला नसतो, पिनांवर सरकतो. बाहेरचा पॅड झिजत गेला की कॅलिपर तेवढाच आत, गाडीच्या बाजूला सरकत जातो. मी अलॉय बसवले तेव्हा जुना पॅड जेमतेम तीन मिलीमीटर उरला होता, म्हणून कॅलिपर पार आत होता आणि स्पोकशी भरपूर फट दिसत होती. नवा पॅड दहाच्या आसपास. म्हणजे कॅलिपर एका दमात सातेक मिलीमीटर बाहेर आला आणि फट संपली. जी चाकं झिजलेल्या पॅडवर बसवून "बसली" म्हणायचं, ती खरं तर बसलेलीच नसतात. हे मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

आणि फट मोजायला मागवलेली ती कणीक! तुम्ही पोराला शेजारच्या खानावळीत पिटाळलंत. तो ज्वारीचं पीठ मळलेलं घेऊन आला. सोलापुरात दुसरं काय मिळणार म्हणा. ते कॅलिपरवर थापलं तर भेगा पडून खाली. तुम्ही त्याला हाणलेली शिवी लिहीत नाही. दुसऱ्या खेपेला गव्हाची कणीक आली. तिला तेलाचा हात लावून कॅलिपरच्या तोंडावर थापली, चाक चढवलं, चारही नट आवळले, हळूच दोन फेरे दिले आणि चाक उतरवलं. कणीक एका जागी पापडासारखी दबली होती. ब्लेडनं कापून व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावलात, अर्धा मिलीमीटरही नाही. "निदान तीन तरी पाहिजे," म्हणालात. वळताना भार आला की चाक किंचित वाकतं, ब्रेक तापतात, आणि फटीत खडा अडकला तर तो फिरत फिरत रिमला चर पाडतो. म्हणूनच आवाज वळणावर यायचा.

मला वाटत होतं, १४ची रिम बसत होती म्हणजे १५ची बसणारच. मोठी आहे ना! तुम्ही चाक उलटं ठेवून दाखवलंत. वर, रिमच्या गोलाईपाशी, जागा मुबलक होती. अडचण स्पोकची होती. दिसायला सुंदर म्हणून ते आत दबलेले घेतले होते, आणि तेच कॅलिपरच्या तोंडावर येत होते. पीसीडी, ऑफसेट (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते माप), इंच, सगळं जुळूनही स्पोकचा आकार दगा देतो.

ग्राइंडरचं सांगितल्यावर तुमचा आवाज चढला होता. "दोन्ही पॅड डिस्कवर कॅलिपरच्या ज्या बोटांच्या जोरावर दाबले जातात, तीच तासायची? मग ब्रेक कशाच्या जोरावर लागायचा?" मी मग स्पेसरचं, म्हणजे चाक बाहेर सरकवायला हब आणि चाकाच्या मध्ये टाकायच्या चकतीचं, विचारलं, तेव्हाही तुम्ही नाही म्हणाला नाहीत. नट हातानं फिरवून आटे मोजायला लावलंत. अकरा भरले. १२ मिलीमीटरचा स्टड (नट ज्यावर आवळतात तो दांडा), आट्याचं अंतर सव्वा मिलीमीटर. नट निदान स्टडच्या जाडीइतका आत बसायला हवा, म्हणजे जवळजवळ दहा आटे. पाच मिलीमीटरचा स्पेसर टाकला की चार आटे गेले, उरले सात. तीनचा टाकला तरी साडेआठ. शिवाय हबची कड झाकली गेली तर चाक मध्यावर धरायचं कुणी? हिशेब मी केला, उत्तर तुम्ही माझ्याकडूनच काढून घेतलंत. लांब स्टड बसवता येतात, हेही सांगितलंत, "पण हौसेसाठी हब उघडायचं का, ते तुम्ही ठरवा की."

मी जुन्या लोखंडी रिमवर पुण्याला जाऊन आलो. लेकीनं विचारलं, "बाबा, चांदी गहाण टाकली का?"

परतल्यावर तुम्ही चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतलात, नव्या पॅडवर कॅलिपर जसा उभा राहतो तसा त्याचा आकार कापलात आणि हबच्या जागी भोक पाडून दिलंत. "हे चाकाच्या आतून लावून बघा, अडलं तर घेऊ नका," म्हणालात. मी नवी पेठेपासून जुन्या पुणे नाक्यापर्यंत तो पुठ्ठा घेऊन फिरलो. एका दुकानात हसले, एकानं हात लावू दिला नाही. चौथ्या दुकानात सपाट स्पोकचं चाक मिळालं, १५ इंची, ऑफसेटही तोच. तुमच्याकडं कणीक लावून पाहिलं, साडेचार मिलीमीटर. जुने अलॉय निम्म्या किमतीत गेले. घेणाऱ्याची गाडी मी आधी तुमच्याकडं पाठवली होती, त्याची कणीकही तुम्हीच मोजलीत.

पुठ्ठा दोघांनी मागितला. एकाची गाडी वेगळी होती, त्याला दिला नाही. त्याच्या कॅलिपरला हा आकार काय कामाचा? दुसऱ्यानं तेलाचे डाग पाडून परत आणून दिला.

पॅड झिजले की येतोच. कणीक घरून आणीन, गव्हाची.

तुमचा,
चांदीच्या चाकांचा डिझायरवाला