कठड्यावर मोबाइल टेकवणाऱ्या ड्रायव्हरदादांना

राम राम दादा,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही 'त्यात काय मास्तर' म्हणता आणि फोन ठेवून देता. म्हणून आज चारचौघांत लिहितोय. नाव घालू नका म्हणालात, घालत नाही. माझ्या मोबाइलमध्ये तसेही तुम्ही 'ट्रकवाले येडशी' याच नावानं आहात.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्या येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य १९९७ सालचं. सुमारे २२ चौरस किलोमीटर, बालाघाटच्या उतारांवरचं पानगळीचं रान. मंदिर खाली दरीत, आणि माकडं सगळीकडे. तिथं वनरक्षकांना विचारून आम्ही कठड्यावर लोखंडी अँगलचा एक तुकडा बसवला. त्यात मोबाइल टेकवायचा, समोरच्या उताराचा एक फोटो काढायचा आणि पाटीवरच्या नंबरवर पाठवायचा. जागा तीच, चौकट तीच. असे फोटो ओळीनं लावले की रान कधी हिरवं झालं, कधी वाळलं ते दिसतं. काम एवढंच.

श्रावणात फोटोंचा पूर येतो. एकेका सोमवारी माझा मोबाइल गरम होतो. निम्म्या फोटोंत उतारापेक्षा चेहरेच मोठे असतात, एकात तर नुसती बर्फी आहे. राग नाही, लोक देवाला येतात, रान मोजायला नाही. पण दिवाळी सरली की फोटो आटतात, आणि फेब्रुवारी ते मे म्हणजे नुसता शुकशुकाट. उन्हात कोण येणार? खरी उलथापालथ तर रानात त्याच महिन्यांत होते.

तिथं तुम्ही आलात. सोलापूर-धुळे रस्त्यावर गाडी लावून, दर्शन घेऊन, कधी पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं. मागच्या मे महिन्यातला तुमचा एक फोटो मी वर्गात भिंतीवर लावलाय. दुपारचा आहे, कोपऱ्यात तुमचा अंगठा आलाय आणि वर माकडाची शेपटी लोंबतेय. उतार राखेसारखा. पण उजवीकडच्या पळसाकडे बघा, पोपटी पानांनी भरलाय. पावसाचा पत्ता नाही, वळवाचाही नाही, आणि हा गडी पानावर! मी वीस वर्षं पोरांना शिकवत आलो की पाऊस पडला म्हणजे झाडं पालवतात. पळस काय, करंज काय, पावसाची वाट न बघता पालवतात हे पुस्तकात वाचलं होतं, पण आपल्या उतारावर, तारखेसकट, तुमच्यामुळे बघितलं. त्या फोटोखाली तुम्ही लिहिलं होतं, 'कुठं बी जावा मास्तर, पळसाला पानं तीनच.' पोरं अजून हसतात.

तारखेवरून आठवलं. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि आतली तारीख-वेळ पुसतं, हे मी तुम्हाला एकदाच सांगितलं. त्यानंतर एकही चूक नाही. शिकल्यासवरल्यांना दहादा सांगून थकलो, त्यांची नावं घेत नाही (त्यात आमचे स्टाफरूमवालेही आहेत).

तुमच्या फोटोंचं पुढं काय होतं, हे तुम्ही एकदा विचारलं होतं. नववीची पोरं प्रत्येक फोटोतला उताराचा तोच चौकोन कापतात. कॉम्प्युटर त्यातला लाल, हिरवा, निळा रंग मोजतो आणि एकूणात हिरव्याचा वाटा किती ते काढतो. हल्लीचे मोबाइल स्वतःच रंग चढवतात, वाळक्या गवतालाही हिरवं करून सोडतात. म्हणून चौकटीच्या कडेला चुना लावलेला एक दगड ठेवलाय. तो ज्या फोटोत पांढरा दिसत नाही, त्या फोटोवर आम्ही विश्वास ठेवत नाही. तुम्ही एकदा तो दगड रुमालानं पुसून मग फोटो काढलात, हे मला माळेवाल्या आजींनी सांगितलं.

उपग्रहावरून हे होत नाही का, असं एका साहेबांनी विचारलं. होतं. सेंटिनेल दर पाच दिवसांनी फोटो घेतो, पण त्याचा एक ठिपका म्हणजे दहा मीटरचा चौकोन. त्यात आपला एकटा पळस हरवतो. आणि पावसाळ्यात त्याला नुसते ढगच दिसतात. ढगाखाली उभं राहायला माणूस लागतो, तोही अंगठ्यासकट चालतो.

अँगल मधे सैल झाला होता, माकडांनीच हलवला असावा. परवा नवीन बोल्ट मारला आणि पाटीवरचा नंबरही रंगवून घेतला. शिमग्याच्या आसपास इकडचं भाडं लागलं, तर उजवीकडचा पळस फुललाय का तेवढं बघा. आणि यावेळी दर्शन झालं की घरी चहाला या, शाळेमागं तिसरं दार.

तुमचा,
येडशीचा मास्तर