सरकारी एपीआयमध्ये महिन्याचा शेवटचा दिवस कुठे जातो? माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय माहिती-तंत्रज्ञान मंत्री यांस,
सादर नमस्कार.

विषय : सरकारी एपीआयच्या प्रत्येक रिक्वेस्ट पॅरामीटरचे (माहिती मागताना सोबत द्यायच्या तपशिलाचे) पूर्ण वर्णन बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

खात्यांनी आपली माहिती एपीआयमधून (एका संगणक-प्रणालीने दुसरीकडून माहिती मागायच्या ठरलेल्या मार्गातून) खुली करावी, या धोरणाबद्दल वाद नाही. किती एपीआय सुरू झाले याचा आकडा भाषणात येतो, टाळ्याही मिळतात. पण एपीआय वापरणाऱ्याच्या हाती काय पडते, ते एकदा आपण स्वतः उघडून पाहावे. एक पीडीएफ असते, तिच्यात तीन रकान्यांचा तक्ता : पॅरामीटरचे नाव, प्रकार ('स्ट्रिंग' म्हणजे साधा मजकूर) आणि वर्णन. फ्रॉम डेट, स्ट्रिंग, 'सुरुवातीची तारीख'. टू डेट, स्ट्रिंग, 'शेवटची तारीख'. स्टेटस, स्ट्रिंग, 'स्टेटस'. झाले डॉक्युमेंटेशन!

यातली फक्त 'शेवटची तारीख' घेऊ. एका खात्याच्या एपीआयकडे मी मार्च महिन्यातले अर्ज मागितले. फ्रॉम डेट २०२४-०३-०१, टू डेट २०२४-०३-३१. उत्तर लगेच आले, २०० ओके (म्हणजे 'सगळे ठीक'), यादी भरलेली. फक्त ३१ तारखेचा एकही अर्ज त्यात नव्हता. सर्व्हरने टू डेटचा अर्थ '३१ तारीख उजाडायच्या आधीपर्यंत' असा घेतला होता, म्हणून त्या दिवशी आलेले सगळे अर्ज हद्दीबाहेर गेले. असा अर्थ घेणे चूक नाही, उलट त्याचा फायदाच आहे. एका महिन्याची टू डेट हीच पुढच्या महिन्याची फ्रॉम डेट ठेवता येते आणि कोणतीही नोंद दोनदा येत नाही. पण मग 'ही तारीख धरलेली नाही' हे चार शब्द तक्त्यात नकोत का? मध्यरात्र स्थानिक वेळेची की यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची), हेही तिथेच लिहायला हवे. नाहीतर हद्द आणखी काही तास सरकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

माझी मुख्य तक्रार या न लक्षात येण्याबद्दलच आहे. रिक्वेस्ट चुकली आणि सर्व्हरने ४०० ('मागणी चुकीची') पाठवला तर काही बिघडत नाही. डेव्हलपर चरफडतो, दुरुस्त करतो, पुढे जातो. पण चुकीच्या रिक्वेस्टला २०० मिळाला की ते आकडे अहवालात जातात, अहवाल बैठकीत जातो आणि त्यावर निर्णयही होतात. बहुतेक सर्व्हर अनोळखी पॅरामीटरकडे सरळ काणाडोळा करतात. 'स्टेटस=मंजूर'च्या जागी चुकून 'स्टेट=मंजूर' लिहिले, तर फिल्टर लागतच नाही आणि सगळेच्या सगळे अर्ज 'मंजूर' समजून मोजले जातात. एका पानावर ५००० नोंदी मागितल्या आणि सर्व्हरची मर्यादा १०० असली, तर तो एरर देतो की गुपचूप १०० देऊन मोकळा होतो? पानांची मोजणी ० पासून आहे की १ पासून? ० पासून असेल आणि वापरणाऱ्याने १ पासून सुरुवात केली, तर पहिले पान कायमचे हुकते. पॅरामीटर अजिबात पाठवला नाही, आणि 'विभाग=' असा रिकामा पाठवला, यांत काही फरक आहे का? मी पाहिलेल्या तक्त्यांत या प्रश्नांची उत्तरे नव्हती. खात्यात फोन करावा, तर ज्या कंपनीने काम केले ती केव्हाच गेलेली असते.

प्रकाराच्या रकान्यातही असाच आनंद आहे. अर्ज क्रमांकापुढे 'नंबर' लिहून ठेवतात. नंबर म्हटले की सुरुवातीची शून्ये गळाली. क्रमांक लांबलचक असेल तर त्याहून वाईट. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक नेमके राहतीलच याची खात्री नाही. शेवटी ९९२ आणि ९९३ असलेले दोन वेगळे अर्ज ब्राउझरमध्ये एकच होऊन बसतात. ज्या क्रमांकाची बेरीज-वजाबाकी कधी होणार नाही तो स्ट्रिंगच असावा, आणि त्याची लांबी व त्यात चालणारी अक्षरे लिहिलेली असावीत. मजकुराच्या लांबीचेही तसेच. कमाल लांबी ५० म्हणजे ५० अक्षरे की ५० बाइट (संगणकातल्या साठवणीचे एकक)? 'नाव' हा एवढासा शब्द यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत ९ बाइट घेतो आणि यूआरएलमध्ये टक्क्यांच्या चिन्हांसह २७ जागा. देवनागरीत नाव लिहिणाऱ्याचा अर्ज अडकतो तो अशा ठिकाणी.

यासाठी नवी समिती नेमू नये, ही कळकळीची विनंती. वर्णन कसे लिहायचे ते ठरलेले आहे. स्वॅगर या नावाने सुरू झालेले काम २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आले आणि ओपनएपीआय हे एपीआयचे वर्णन लिहिण्याचे खुले मानक झाले. त्याची ३.० आवृत्ती २०१७ ची. पॅरामीटर रिक्वेस्टच्या कोणत्या भागात (पाथ, यूआरएलमधल्या ? नंतरची क्वेरी, हेडर की कुकी) जातो, तो आवश्यक आहे का, डिफॉल्ट काय, किमान-कमाल किती, कोणती मूल्ये चालतात, एकाहून जास्त मूल्ये स्वल्पविरामाने द्यायची की नाव पुन्हा पुन्हा लिहून, या सगळ्याला त्यात जागा आहे. तारीख-वेळ कशी लिहावी हे आरएफसी ३३३९ या इंटरनेट मानकाने २००२ मध्येच सांगितले आहे. (त्यातले टाइमझोनचे + हे चिन्ह क्वेरीत तसेच पाठवले तर कित्येक सर्व्हर त्याची मोकळी जागा करतात. तेवढी टीप नमुन्याशेजारी टाकावी.)

मात्र आपले अधिकारी 'ओपनएपीआय फाइल आपोआप तयार होते' असे सांगतील, तेव्हा सावध असावे. होते, पण तिच्यात 'स्ट्रिंग' एवढेच येते, कारण कोडला तेवढेच ठाऊक असते. ३१ तारीख धरायची की नाही, 'प्रलंबित'मध्ये त्रुटीसाठी परत पाठवलेले अर्ज येतात की नाही, हे कामकाज जाणणाऱ्या माणसालाच लिहावे लागते. ते काम खात्यातल्या कर्मचाऱ्याने डेव्हलपरशेजारी बसून करायचे आहे. आणि नमुना रिक्वेस्टमध्ये 'एपीआय-की' (वापरणाऱ्याची गुप्त किल्ली) यूआरएलमध्ये लिहून दाखवू नये. यूआरएल सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) उतरतात, आणि नमुना म्हटला की लोक तो जसाच्या तसा उचलतात.

मागणी अशी की, निविदेतच अट घालावी : पॅरामीटरचे वर्णन पूर्ण नसेल तर एपीआय पूर्ण झाला असे धरू नये आणि अंतिम बिल निघू नये. तपासणी प्रकल्पाबाहेरच्या डेव्हलपरने करावी. त्याला फक्त वर्णन द्यावे, फोन नंबर देऊ नये. अनोळखी पॅरामीटर आला तर सर्व्हरने ४०० द्यावा आणि कोणता पॅरामीटर का चालला नाही ते उत्तरात नावानिशी सांगावे. अशा उत्तराचा साचाही २०२३ च्या आरएफसी ९४५७ मध्ये तयार आहे. चालू एपीआयमध्ये हा बदल एकदम केला तर आज वापरणाऱ्यांच्या प्रणाली बंद पडतील, म्हणून तिथे पुढच्या आवृत्तीपासून करावा. वर्णने लिहायला मात्र आवृत्ती बदलण्याची गरज नाही, ती या महिन्यातही सुरू होऊ शकतात.

याबाबत परिपत्रक काढणार असाल, तर त्याचा मसुदा आधी हरकती-सूचनांसाठी खुला ठेवावा. सूचना पाठवणाऱ्यांत मी असेनच.

कळावे,
आपला विश्वासू,
सरकारी एपीआय रोज वापरणारा एक डेव्हलपर