काल तुमच्या किड्यांनी काय खाल्लं?

प्रिय ताई,

आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता. फोनवर दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा "रातकिडे कसे आहेत?" असं विचारून मोकळ्या झालात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही, आणि नुकताच शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळायला घेतलेल्या कुणाच्या तरी हे वाचनात येईल.

माझ्या सरड्याचा, मुकादमाचा, पहिला फोटो मी तुम्हाला रात्री साडेअकराला पाठवला होता. (मुकादम हे नाव त्याच्या डोळ्यांवरून पडलं. एक डोळा पुढे, एक मागे, कामावर कोण आहे न् कोण टंगळमंगळ करतंय हे बघत बसल्यासारखा.) येमेन आणि सौदी अरेबियाकडे आढळणारी, डोक्यावर उंच तुरा असलेली व्हेल्ड जात. वय सात महिने. माझी तक्रार एवढीच होती, की याचा नेम चुकतोय. जीभ सुटते, पण किड्याच्या अलीकडेच पडते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, याच्या जिभेची तर पुढच्या पानापर्यंतही पोचेना. मला वाटलं, लहान आहे, शिकेल.

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पुढच्या पायांचा जवळून फोटो, दिवा कोणता आणि कुठे लावलाय, आणि "काल तुमच्या किड्यांनी काय खाल्लं?" हा तिसरा प्रश्न मला कळलाच नाही. किडे मुकादमानं खायचे, किड्यांनी काय खायचं?

फोटो बघून तुम्ही पहिलं वाक्य लिहिलंत ते असं, की मी डॉक्टर नाही, उद्या सकाळी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा, माझ्या भरवशावर थांबू नका. याबद्दल सगळ्यात आधी आभार. एक्स-रेमध्ये हाडं पुसट दिसत होती. कोपरं बाहेरच्या बाजूला वाकू लागली होती आणि जबडा बोटाला किंचित दबत होता. कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ होण्याचा आजार, पिंजऱ्यातल्या सरड्यांमध्ये अगदी नेहमीचा. नेम चुकत नव्हता, जीभ फेकायची ताकदच गेली होती.

आणि मी तर पोटभर खायला घालत होतो! रोज पंधरा-पंधरा रातकिडे. पण रातकिड्याच्या अंगात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. सरड्याला हवं नेमकं उलटं, कॅल्शियम निदान बरोबरीचं आणि जमल्यास दुप्पट. त्यातून माझे किडे डब्यात चार-चार दिवस उपाशी. "तुम्ही त्याला टरफलं चारताय," असं तुम्ही म्हणालात, ते चांगलंच लागलं. दिव्याचीही तीच गत. मी नुसता उष्णतेचा दिवा लावून पिंजरा खिडकीशी ठेवला होता, ऊन येतंय की! काचेतून ऊन येतं, पण कॅल्शियम अंगी लागायला जे 'ड' जीवनसत्त्व लागतं ते बनवणारे उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण काचेलाच अडतात, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या गावीही नव्हतं.

मग तुम्ही मला किडे पाळायला लावलंत. मला सरडा पाळायचा होता, रातकिड्यांचा गोठा सांभाळायचा नव्हता, असं मी तेव्हा म्हणालो होतो. ते शब्द मागे घेतो.

पहिली खेप आठवडाभरात मेली. झाकण उघडलं की नाकात अमोनियाचा भपकारा. पाणी वाटीत ठेवलं होतं, त्यात पिल्लं बुडाली, बाहेर सांडून तळ ओला झाला आणि उरलेली त्या दमटपणानं गेली. तुम्ही रागावला नाहीत, फक्त विचारलंत, "हवा कुठून जाते?" झाकणाला मोठी भोकं पाडून त्यावर धातूची जाळी बसवली (प्लॅस्टिकची कुरतडतात), कागदी लगद्याचे अंड्यांचे ट्रे उभे ठेवले म्हणजे विष्ठा खाली पडते, आणि पाण्याच्या जागी गाजराचे काप, रोज बदलायचे. तापमान तीसच्या आसपास. खाण्यात प्रथिनं कमी पडली तर ते एकमेकांनाच खातात, हेही डोळ्यांनी पाहिलं.

अंड्यांसाठी ओल्या मातीचा छोटा डबा तुम्हीच पाठवलात, झाकणावर तुमच्या अक्षरात तारीख. मादी शेपटाकडची सुई मातीत खुपसून थांबते, काढते, अर्धा बोट सरकते, पुन्हा खुपसते. अकराव्या दिवशी सकाळी माती हलल्यासारखी वाटली. चष्मा लावून वाकलो तर मातीवर पिठाच्या कणाएवढी फिकट पिल्लं, आणि त्यांना मिशा! मी अर्धा तास तिथेच बसलो होतो. चहा गार झाला.

आता किडे मुकादमाकडे जाण्याआधी निदान एक दिवस तब्येतीत जेवतात. गाजर, रताळं, गडद हिरवी पानं. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. मग पिशवीत चिमूटभर कॅल्शियमची पूड घालून हलवायचं. माझे पहिले किडे भुतासारखे पांढरे झाले होते. "पावडर लावलीय कळलं पाहिजे, किडा ओळखू आला पाहिजे," हे माप तुमचंच. आणि लगेच द्यायचं, कारण रातकिडा अंग साफ करत बसतो, सगळी पूड झटकून टाकतो. 'ड' जीवनसत्त्व घातलेली पूड मात्र रोज नाही, जास्त झाली तर तीही बाधते. आमचे डॉक्टर सांगतात तेवढीच.

एक चूक मी तुमच्यापासून लपवली होती, ती आज सांगतो. लग्नाला जायचं होतं म्हणून पिंजऱ्यात एकदम वीस किडे सोडले, खाईल हवे तेव्हा. सकाळी परतलो तर झोपलेल्या मुकादमाच्या शेपटीची कातडी कुरतडलेली. तुम्ही खोल, गुळगुळीत कपात किडे ठेवायला सांगितलं होतं, उरलेले संध्याकाळी काढून घ्यायला सांगितलं होतं. मला तो तुमचा अतिरेक वाटला होता. जखम भरली, डाग आहे.

गवतातले नाकतोडे पकडून आणतो म्हटल्यावर मात्र तुम्ही खरंच ओरडलात. कुठे फवारणी झालीय कुणास ठाऊक, शिवाय परजीवी. आणि काजवा तर कधीच नाही, एका काजव्यानंही सरडा मरू शकतो. मोठा किडाही नाही, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून लांब किडा माझ्या चिमट्यात आता येत नाही.

झुरळांच्या बाबतीत आपलं अजून जमलेलं नाही. डुबिया जातीची झुरळं वास मारत नाहीत, रात्रभर किरकिर करत नाहीत, गुळगुळीत भिंत चढत नाहीत, थेट पिल्लंच देतात, सगळं मान्य. पण माझा हात त्या डब्यात जात नाही. मुकादमही माझ्याच बाजूचा आहे, टुणकन उडणारं काही दिसलं की त्याचे दोन्ही डोळे एकदम पुढे वळतात.

परवा तो वरच्या फांदीवर होता. कप त्याच्यापासून त्याच्या अंगाएवढा लांब. डोळे वळले, तोंड किंचित उघडलं, जिभेचं टोक बाहेर आलं, थांबलं, आणि टप्प. कपात एक किडा कमी. कोपरं थोडी वाकडी राहिलीत, ती तशीच राहणार असं डॉक्टर म्हणाले. आता मोठा झालाय, एक दिवसाआड पाच-सहा किडे पुरतात.

तुमचा तो तारीख लिहिलेला डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा पाठवायचा नव्हता. कालच दोन माद्या त्यात सोडल्यात, माती ओली आहे, तारीख यावेळी मी घातलीय.

तुमचा,
मुकादमाच्या घरचा माणूस