रात्रीचे पाच खाने

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा निघताना चार्जर शोधत होते, तेव्हा बाबांच्या औषधांचा डबा हाती लागला. सकाळचे खाने रिकामे, पण रात्रीच्या पाच खान्यांत ॲपिक्सॅबॅन, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी, तशीच पडलेली. दारात रिक्षा उभी होती आणि जाता जाता वाद नको वाटला, म्हणून गप्प बसले. आता लिहिते.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं, मनगटावर जांभळा डाग उमटलाय, आणि 'आता धडधडत तर नाही, मग दोन वेळा कशाला?' धडधड कमी झाली ती दुसऱ्या गोळीने, ठोक्यांचा वेग आवरणाऱ्या. तिचं आणि हिचं काम वेगळं. तुमच्या आजारात, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त रेंगाळतं आणि गोठतं. तिथून सुटलेली गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात. आत हे चाललेलं असताना तुम्हाला काही म्हणजे काही जाणवणार नाही.

डॉक्टरांनी कागदाच्या कोपऱ्यात 3 लिहून गोल केला होता, आठवतं? ते पक्षाघाताच्या धोक्याचे गुण. पंचाहत्तरी ओलांडल्याचे 2 आणि ब्लडप्रेशरचा 1. पुरुषाला 2 किंवा जास्त गुण असले की रक्त पातळ करणारी गोळी सुचवतात. आणि ॲपिक्सॅबॅनचं रक्तातलं प्रमाण साधारण 12 तासांत निम्म्यावर येतं, म्हणून ती दोनदा. रात्रीची गाळलीत की पहाटेपर्यंत तुम्ही जवळजवळ उघड्यावर.

तुमचे फिरायला येणारे मित्र म्हणतात, ॲस्पिरिन पुरे. या आजारात ते फारसं पुरत नाही. 2011 साली एका चाचणीचे निकाल आले. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी जुनी गोळी चालत नसलेल्या साडेपाच हजारांवर रुग्णांत काहींना ॲपिक्सॅबॅन, काहींना ॲस्पिरिन दिलं होतं. ॲपिक्सॅबॅनवाल्यांत पक्षाघात निम्म्याहून कमी झाले, मोठा रक्तस्राव मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच.

पण खरी गंमत पुढेच आहे. चार्जर सापडला तो तुमच्या टेबलाच्या खणात, आणि त्याच्याशेजारी गुडघेदुखीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप. बाबा! आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत घेतल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिरड्यांतल्या रक्तात तिचाही हात असू शकतो. तुम्ही नेमकी नको ती गोळी चालू ठेवलीत आणि हवी ती गाळलीत! सोमवारी डॉक्टरांना दोन्ही स्ट्रिप दाखवा, गुडघ्यासाठी काय चालेल ते विचारा आणि क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाची, तपासणी राहिली असेल तर करून घ्या; डोस ठरवताना तीही बघतात. शौचाला काळं झालं किंवा लघवीत रक्त दिसलं तर सोमवारची वाट बघू नका. रात्रीची गोळी विसरलात आणि लगेच आठवली तर घ्या, पण सकाळी दोन एकदम नकोत.

आई, 'ते पडले तर रक्त थांबणार नाही' ही तुझी भीती. 1999 साली काही डॉक्टरांनी वॉरफरिनबद्दल हा हिशोब मांडला होता: वर्षातून सुमारे 295 वेळा पडलं, तरच तोटा फायद्यापेक्षा जास्त. बाबा वर्षात एकदा पडले, तेही बल्ब बदलताना स्टुलावरून. स्टूल मी माळ्यावर टाकलंय, शोधू नका. तरीही डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात जायचंच.

आणि एक काम तुझं. त्यांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर 'जरा पडू दे, बरं वाटेल' म्हणू नकोस. घड्याळ बघ आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलाव. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तिथे पहिल्यांदा विचारतील, रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली? उत्तरावर उपचार ठरतात. म्हणून डब्याच्या झाकणावर मी कागद चिकटवून पेन बांधून ठेवलंय. गोळी घेतली की वेळ टाकायची, बाबांनी स्वतःच्या हाताने.

रात्री नऊला फोन करते.

तुमची,
लेक