थांब्यावरचा फलक बंद पडला, हे कळणार कसे?

महोदय,

पुण्यातील बसथांब्यांवर एलईडी पाट्यांऐवजी किंडल या ई-पुस्तके वाचण्याच्या उपकरणात असतात तसे ई-इंकचे (इलेक्ट्रॉनिक शाईचे) पडदे बसवावेत, असे मला वाटते. हा पडदा छापील कागदाप्रमाणे बाहेरच्या प्रकाशावर वाचला जातो, त्यामुळे भर उन्हातही त्यावरील मजकूर ठळक दिसतो; रात्री मात्र त्याला दिवा लागतो. त्यातील सूक्ष्म कुप्यांमध्ये परस्परविरुद्ध विद्युतभाराचे पांढरे आणि काळे कण असतात, विद्युतदाब देताच हवे ते कण वर येतात आणि वीज काढून घेतली तरी ते तिथेच राहतात. म्हणूनच पडद्याला स्वतःला वीज लागते ती फक्त मजकूर बदलताना.

परंतु हाच गुण थांब्यावर अंगाशी येऊ शकतो. एलईडी पाटी बंद पडली की काळी होते आणि प्रवासी काय ते समजतो. ई-इंक पडद्याची बॅटरी संपली, तर मात्र ‘कात्रज – ५ मिनिटे’ ही ओळ तासन्‌तास तशीच सुबक अक्षरांत झळकत राहील आणि तिच्या भरवशावर एखाद्या आजी समोर आलेली रिक्षा सोडून देतील. त्यामुळे ‘किती मिनिटांत’ असे न दाखवता ‘९.४० ला अपेक्षित’ असे दाखवावे, माहिती किती वाजताची आहे हे वर मोठ्या आकड्यांत लिहावे आणि संपर्क तुटताच किंवा चार्ज कमी होताच फलकाने स्वतःहून त्या वेळा पुसून नेहमीचे वेळापत्रक लावावे.

आपल्याकडे पाट्यांवर सरकत्या ओळींची भारी हौस. ती येथे चालणार नाही. संपूर्ण पडदा ताजा करताना तो काळा-पांढरा लखलखतो आणि तेवढाच भाग बदलावा तर जुन्या अक्षरांची पुसट छाया मागे राहते. अशा छायेत १ आणि ९ यांची गल्लत होणे अवघड नाही. शिवाय बारीक रेघांच्या टंकात किंवा करड्या छटेत अनुस्वार व रफार हरवतात, तेव्हा जाड, काळी अक्षरेच हवीत.

फलकांची निविदा काढताना आकार आणि किमतीबरोबर या अटीही लिहून घ्याव्यात, आणि पहिला फलक स्वीकारण्यापूर्वी त्याची वीज तोडून तो पुढचा तासभर काय दाखवतो, हे संबंधितांनी थांब्यावर उभे राहून पाहावे.

आपला,
एक बसप्रवासी, पुणे