रक्त वाढलं, पण जात कुठे होतं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पानावरची २१ लक्षणांची यादी वाचली. लेखिकेच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण सहाव्या क्रमांकावरचं 'सतत थकवा वाटल्यास रक्त कमी असू शकते, लोहयुक्त आहार वाढवा' हे वाक्य रात्रभर डोक्यात घोळत राहिलं. अहो, आणि पुढे? रक्त कमी का झालं, हे विचारायला जागा पुरली नाही का?

माझा थोरला भाऊ, वय ६१. जिना चढताना मधल्या वळणावर थांबून मोबाइल बघायला लागला. आम्ही म्हटलं, घ्या, या वयात फोनचं वेड लागलं. दम लागतोय हे लपवायची ती युक्ती होती, हे त्याने फार उशिरा कबूल केलं. शिवाय बर्फ. फ्रीजमधले खडे काढून कडाकडा चावायचा. वहिनी वैतागायची, "लहान आहात का?" शरीरातलं लोह घटलं की काहींना बर्फ खाण्याची अशी ओढ लागते, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? तुमच्या २१मध्येही ते नाहीच.

हिमोग्लोबिन निघालं ९.२. पुरुषांत १३च्या खाली म्हणजे कमी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तीन महिन्यांत आकडा ११वर. आम्ही खूश, डॉक्टरही खूश. या गोळ्यांनी शौचाचा रंग काळपट होतो, त्यामुळे तो पाहूनही कुणी दचकलं नाही. गोळ्या थांबल्या आणि आकडा पुन्हा घसरला. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "तुम्हाला काही पाळी येत नाही. मग रक्त जातंय कुठे?"

आठ महिन्यांत हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. आम्हालाही नाही.

दुर्बिणीने तपासल्यावर मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ सापडली. कर्करोग. तिथून थेंब थेंब रक्त जात राहतं, शौचात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. दादाचं पोट एकदाही दुखलं नव्हतं. ऑपरेशन झालं, आज तो बरा आहे, आणि बर्फाकडे ढुंकूनही बघत नाही.

थकलेल्या प्रत्येकाला कर्करोग असतो असं मी म्हणत नाही. उगाच घबराट नको. कधी जठरातला व्रण असतो, कधी गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या भोवतात. पण पुरुषांत, किंवा पाळी थांबलेल्या बाईत, लोह कमी निघालं तर ते जातंय कुठे हे शोधायलाच हवं. ही एक ओळ छापली असती, तर उरलेली २० लक्षणं मी सुखाने वाचली असती. बरं, त्याच पानावर खाली अर्धं पान 'थकवा पळवा' टॉनिकची जाहिरात! हा योगायोगच असणार, दुसरं काय.

जाता जाता, यादीची अक्षरं इतकी बारीक होती की वहिनीला भिंग घ्यावं लागलं. 'वाचताना अंधुक दिसणे' हे त्यात चौदावं लक्षण आहे म्हणे.

आपला,
दादाचा धाकटा भाऊ